काचेतला मासा आणि आपली माया

आपल्या उरणात मासा म्हटला की ताट आठवते. तोच मासा काचेआड पाहण्यासाठी आम्ही लहानपणी मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि १९५१ साली मुंबईत उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो. पुढे घरी सोनमासे आणले, ते पंधरवड्यात मेले. उपासाने नव्हे, मायेने! येईल तो चिमूटभर खाणे टाकी. उरलेले कुजे, त्यातून अमोनिया निघे आणि माशांचे कल्ले होरपळत.

तेव्हा शिकलो ते सांगतो. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे द्यावे, तेही एकाच्याच हातून. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे. आठवड्याला चौथाई पाणी बदलावे. सारे नको, कारण अमोनिया पचवणारे जंतू टाकीतच वसतात.

कामगारांत वावरताना आम्ही भाकरीसाठी पुष्कळ भांडलो. ते ज्या हवेत आठ तास श्वास घेतात तिची चौकशी मात्र उशिरा केली. मासाही ओरडत नाही. जीव गुदमरला की तो वर येऊन तोंड उघडतो, आणि आपण ती भूक समजून आणखी खाणे टाकतो.