सरपंचताईंची सही कोणाच्या खिशात?



बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायचे असतील तर आपण काय करतो? आधी बैठकीत ठराव, मग ठरलेल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या. कोऱ्या स्लिपवर सही करून ती कोणाच्या हाती देत नाही; अगदी घरच्या माणसाच्याही नाही. हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. आज तोच नियम ग्रामपंचायतीला लावून बघूया.

पूर्वी ग्रामपंचायतीचे पैसे चेकने दिले जायचे. आता वित्त आयोगाच्या निधीतून ठेकेदाराचे बिल द्यायचे, तर ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून ऑनलाइन जाते. त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ही सही असते एका डोंगलमध्ये. दिसायला पेन ड्राइव्हसारखे. संगणकाला लावले, पिन टाकला, की सही झाली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे ही सही हाताने केलेल्या सहीइतकीच पक्की आहे.

मग हे डोंगल असते कुठे? कुठे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुठे संगणक परिचालकाकडे, तर कुठे सरपंचताईंच्या यजमानांच्या खिशात. पिन चिठ्ठीवर लिहून सोबतच ठेवलेला! दोन सह्या कशासाठी? एकाचे चुकले तर दुसऱ्याने अडवावे म्हणून. दोन्ही डोंगल एकाच हाती गेले, तर अडवणार कोण? उद्या चौकशी लागली, तर कागदावर नाव सरपंचताईंचेच येणार. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका होणे कठीण.

यात कोणावर संशय घ्यायचा नाही. परिचालक प्रामाणिक असला तरी काही गडबड झाली की पहिले बोट त्याच्याकडेच जाते. डोंगल जिचे तिच्याकडे राहिले, तर त्याचीही अब्रू राहते. दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्यापैकी ज्या सरपंच आहेत त्यांनी एवढे कराच. डोंगल स्वतःजवळ ठेवा. पिन स्वतः ठरवा, कोणाला सांगू नका. बिल वाचून, काम डोळ्यांनी बघून मगच सही करा. वाचता येत नसेल तर विश्वासातल्या बाईकडून वाचून घ्या, पण डोंगल स्वतः लावा. हरवले तर त्याच दिवशी पंचायत समितीला लेखी कळवा. पद सुटले की जुनी सही पोर्टलवर बंद झाली का, ते विचारा.

आणि बाकीच्या आपण? महिला ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू. दोन्ही डोंगल कोणाकडे आहेत? पासवर्ड शेवटचा कधी बदलला? आपण दिलेल्या आधारच्या झेरॉक्स कुलपात आहेत का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घेऊ. झालेला खर्च ई-ग्रामस्वराजवर कोणालाही बघता येतो. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर तो उघडायला सांगा आणि बैठकीत मोठ्याने वाचा.

गटाचा रुपया आपण जसा राखतो, तसाच गावाचाही राखायचा. तोही आपलाच आहे.