किडनी प्रत्यारोपण : खर्चाचा हिशेब



घरात कुणाची किडनी निकामी झाली, की पहिला प्रश्न येतो पैशांचा.
आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर असो की लाखांदूर... शेत विकायचं का, इथवर गोष्ट जाते.
थांबा. आधी चौकशी करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं.
२०२३ मध्ये शासनानं त्याची मर्यादा वाढवली.
अडीच लाखांवरून... साडेचार लाख रुपये.

आपल्याला नागपूर जवळ.
तिथल्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून प्रत्यारोपण होतं.
योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात.
रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा.
पण ऑपरेशनच्या आधी भेटा.
मंजुरी आधी लागते.

आता महत्त्वाचं ऐका.
ऑपरेशनचा खर्च एकदाच.
औषधांचा खर्च... कायमचा.

शरीर नवी किडनी परकी समजतं.
ती नाकारली जाऊ नये, म्हणून रोज गोळ्या.
किडनी चालते तोवर गोळ्या.
पैसे संपले म्हणून गोळ्या बंद केल्या, तर मिळालेली किडनीही जाऊ शकते.
हे फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.
म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा... महिन्याला औषधं किती, तपासण्या किती?
दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी हवी असेल, तर तीही डॉक्टरांना विचारूनच बदला.
पुन्हा सांगते, ऑपरेशन एकदाच, औषधं कायमची.

आणि कुणी किडनी विकत देतो म्हणाला, तर दूर राहा.
१९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

कमी पडणाऱ्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो.
धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव असतात.
तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना उत्पन्नाचा दाखला दाखवा.
तो दाखला तहसील कार्यालयातून आजच काढायला टाका.