वर्दीनंतरची नोकरी
(वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



पोलीस खात्यातील बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती गुन्हेगाराच्या मागे लागलेली. श्रीमती मीरां चड्ढा-बोरवणकर यांचे नाव आपण ओळखतो तेही बहुधा त्यामुळेच. पंजाबातील फाजिल्का हे त्यांचे जन्मगाव. १९८१ साली त्या भारतीय पोलीस सेवेत आल्या आणि महाराष्ट्राच्या झाल्या. २००४ साली त्या मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या, २०१० साली पुण्याच्या पोलीस आयुक्त. पुढे राज्याचे तुरुंगही त्यांच्याकडे आले. हा भाग वर्तमानपत्रांनी पुष्कळ सांगितला आहे, तो मी इथेच सोडते.

मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. दिल्लीच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या त्या महासंचालक झाल्या आणि २०१७ साली निवृत्त झाल्या. हे कार्यालय केंद्र सरकारने १९७० साली काढले. पोलिसांना शिकवावे काय, कुठे किती माणसे कमी आहेत, हे पाहणे त्याचे काम. २००३ सालची आदर्श तुरुंग नियमावली तिथेच तयार झाली. ना पाठलाग, ना छायाचित्रे! खात्यात अशा जागेला ‘साइड पोस्टिंग’ म्हणतात, आणि तिथे जाणाऱ्याची कीवही करतात. मला ते मुळीच पटत नाही.

का, ते सांगते. २०१३ साली कायदा बदलला. लैंगिक अत्याचाराची तक्रार स्त्री देईल तेव्हा ती स्त्री-अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, आणि अशी तक्रार नोंदवण्यास नकार देणाऱ्या पोलिसाला शिक्षा व्हावी, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे आले त्यांतही हे कायम आहे. शिवाय गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने तक्रार घेतलीच पाहिजे. कागदावर सारे छान! पण रात्री अकरा वाजता टेबलाशी बसलेल्या हवालदाराला हे कोणी शिकवलेच नसेल तर? तो “उद्या या” म्हणेल, नाहीतर “घरातच मिटवा” म्हणेल. आणि आलेली पोर परत जाईल.

शिकवले, तरी लिहून घेणारी बाई हवी. ब्युरो दरवर्षी देशभरातील पोलीसदलांची आकडेवारी छापतो. तिच्याप्रमाणे अलीकडे देशातील शंभर पोलिसांत स्त्रिया जेमतेम बारा आहेत. आपल्या राज्यात भरतीत स्त्रियांसाठी शेकडा तीस जागा राखीव आहेत; पण भरती आज झाली म्हणून ठाणे उद्या भरत नाही. डब्यात तांदूळ किती उरले हे पाहिल्यावाचून पाहुणे बोलावणारी गृहिणी आपल्यात नाही. सरकारने तरी मोजल्यावाचून कसे चालावे? ते मोजण्याचे काम या ‘साइड’च्या टेबलावर होते.

आपल्या ठाण्यात रात्रपाळीला स्त्री-पोलीस असते का, नसल्यास कोणाला बोलावतात, एवढेच विचारणारे पत्र मी लिहून आणले आहे. ते चिटणीसबाईंकडे आहे. चहापूर्वी सह्या कराव्यात.