‘उद्या येतो’ म्हणून गेलेला फिटर

कुणी दुपारची भांडी आवरून, कुणी तांदूळ निवडता निवडता, तर कुणी बांधावर बसून रेडिओ ऐकत असाल. आज आम्ही योजनेची माहिती घेऊन आलेलो नाही. आज आमच्या गटाची झालेली फजिती सांगायची आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच आम्हाला लागली, शहाण्या तुम्ही व्हा.

आमचा गट १२ जणींचा. मिरची-मसाला कांडपाचा धंदा. पाणी मात्र हंड्यांनी वाहायचो. म्हणून हंगामाच्या तोंडावर ठरवलं, शेडवर हजार लिटरची टाकी बसवायची आणि खाली तीन नळ काढायचे. टाकी आणली. पाइप आणि मजुरी मिळून फिटरनं १४,००० रुपये सांगितले.

हा फिटर म्हणजे आमच्यातल्याच एका काकूंचा भाचा. “घरचाच पोरगा आहे,” काकू म्हणाल्या. आम्हीही खूश. “मालाला पैसे लागतील, मावशी,” असं तो म्हणाला आणि आम्ही ९,००० रुपये त्याच्या हातावर ठेवले. ना कागद, ना पावती.

पहिल्या दिवशी आला, भिंतीला भोकं पाडली आणि “उद्या येतो” म्हणून गेला. उद्या त्याच्याकडे लग्न होतं. परवा गाडी पंक्चर. मग फोनच लागेना. १८ दिवसांनी उगवला. एका दुपारीत सगळं जोडलं, लगेच पाणी सोडलं, उरलेले ५,००० रुपये घेतले आणि गेला. आम्हीही दिले. काम झालं या आनंदात होतो ना!

रात्री जोड निसटला. सकाळी शेड उघडली तर घोट्याएवढं पाणी, आणि गिऱ्हाइकांची २० किलो मिरची भिजलेली. ती भरून द्यायला ४,८०० रुपये गेले.

पैसा गेला, तो पुन्हा मिळवता येतो. पण पुढच्या बैठकीत कुणीतरी बोललं, “तुमच्या भाच्यानं बुडवलं.” काकू काही बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. आम्ही चौघी घरी गेलो, तर त्यांनी शेळी विकायला काढली होती, गटाची भरपाई करायला. मैत्रिणींनो, तेव्हा आमची मान खाली गेली. काकूंनी फक्त नाव सुचवलं होतं. पैसे तर आम्ही बाराही जणींनी मिळून दिले होते. शेळी दावणीलाच राहू दे म्हणालो आणि त्यांना बैठकीला घेऊन आलो.

त्या बैठकीत आम्ही आमचंच वागणं तपासलं. गटात ५०० रुपयांचं अंतर्गत कर्ज दिलं तरी ठराव लिहितो, सही घेतो, हप्ता ठरवतो. मग १४,००० रुपये कागदाशिवाय कसे गेले? एक तर वाटलं, नळकामातलं आपल्याला काय कळतं! आणि दुसरं, ओळखीच्या माणसाकडे कागद मागायची लाज वाटली.

दुरुस्तीला शेजारच्या गावचे एक वयस्कर फिटर आले. त्यांनी सगळं दाखवत दाखवत काम केलं. जोडायच्या आधी पाइप कोरडा आणि स्वच्छ पुसला पाहिजे. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि जोड घट्ट धरून ठेवायचा. मग दिवसभर पाणी सोडायचं नाही. आमची टाकी दोन फळ्यांवर ठेवली होती. ते म्हणाले, खाली सगळीकडून सपाट आधार नसला तर भरलेल्या टाकीचा तळ तडकतो. टाकीजवळ एक कॉकही बसवला, म्हणजे गळती लागली की तिथूनच पाणी बंद करता येतं.

जाताना हेही बोलले, “तुम्ही लोक काम वाढवत नेता आणि पैसे मागितले की पुढच्या आठवड्यात या म्हणता. आमच्याही घरी चूल आहे, ताई.” बोलणं खरं होतं. म्हणून नियम केले ते दोघांसाठी.

फिटर असो, गवंडी असो, नाहीतर मोटारवाला, आधी त्यानं केलेलं एखादं काम आम्ही जाऊन बघतो. मग साध्या वहीच्या पानावर लिहितो : काम कोणतं, माल कोणता, मजुरी किती, किती दिवसांत. दोघांच्या सह्या. माल आम्हीच दुकानातून आणतो, पाइपवर आयएसआय खूण बघतो आणि बिल गटाच्या नावानं घेतो. मजुरीचे तीन भाग. एक सुरुवातीला, एक निम्मं काम झाल्यावर आणि शेवटचा तपासणी झाल्यावर. पण काम नीट असेल तर त्याच दिवशी पैसे. उद्या या म्हणायचं नाही.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी टाकी भरायची, टाकीत येणारं पाणी आणि सगळे नळ बंद करायचे. टाकीत काठी तळाला टेकेपर्यंत बुडवायची आणि ओल्या खुणेवर दोरा बांधायचा. सकाळी पुन्हा बुडवायची. पाणी दोऱ्याच्या खाली उतरलं असेल, तर कुठंतरी गळतंय.

आणि तरीही फसवणूक झालीच तर? पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला शुल्क लागत नाही. पण तिथंही पहिला प्रश्न येतो, पावती कुठंय? आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

आता कामाची वही काकूंकडेच असते. परवा त्यांचा भाचा आला, म्हणाला, “मावशी, शेडच्या मागं नळ काढायचा म्हणे, मी करतो.” काकूंनी त्याला पाट दिला, चहा दिला, आणि वही पुढं केली. म्हणाल्या, “आधी इथं सही कर.”

मैत्रिणींनो, नातं टिकवायचं असेल तर कागद करा. नमस्कार.