अंगठ्याचा विसावा

दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रांतांत फ्लामेंको गायनाच्या साथीला गिटार असते. तिच्या वादनाचें मर्म उजव्या हाताच्या अंगठ्यांत आहे. सतारियाचा अंगठा भोपळ्याच्या कडेशीं स्थिर राहतो व तर्जनीवरील नखी बोल काढते; येथें अंगठा स्वतःच बोल काढतो. जाड तार छेडून तो लगतच्या खालच्या तारेवर टेकतो. हा विसावा म्हणजेच पुढील आघाताची तयारी होय.

बळ मनगटाच्या व हाताच्या भारांतून यावें लागतें. नवशिका येथेंच चुकतो. अंगठ्याचें पेर वांकवून तो तार ओढूं पाहतो. मग स्वर पातळ निघतो आणि हात लवकर शिणतो.

‘आल्सापुआ’ या प्रकारांत अंगठा सरोदाच्या जव्याप्रमाणें खालीं-वर चालतो. बोटें जलद तान घेऊं लागलीं, कीं तोच जाड तारेवर टेकून हाताला आधार देतो. रामोन मोंतोया यांनीं १९३६ सालीं पॅरिसमध्यें एकलवादनाच्या ध्वनिमुद्रिका दिल्या. साथीचें वाद्य असें स्वतंत्रपणें बोलूं लागलें, तरी १२ मात्रांच्या ‘सोलेआ’चें वजन अंगठाच सांभाळीत राहिला. म्हणून शिष्यानें वेगाच्या मागें लागण्यापूर्वीं हा विसावा साधावा, हेंच उचित.