तार आणि हिरडी यांच्यामधली पट्टी

दातांना तारा लावलेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज बोलायचं आहे. दात सरळ कसे होतात ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मला बोलायचंय ते तार धरून ठेवणारं, दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या अगदी अरुंद पट्टीबद्दल.

खिडकीचे गज पुसताना फडकं गजावरून सरसर फिरतं, पण गज चौकटीत शिरतो त्या कोपऱ्यात धूळ तशीच राहते. इथेही तेच होतं. ब्रश तारेवरून फिरतो, पट्टी राहून जाते आणि तिथे जिवाणूंचा चिकट थर बसतो. गोड खाल्लं की त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू आम्ल तयार करतात. त्यामुळे महिन्याभरातसुद्धा ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग दिसू शकतात. थर जुना झाला, की त्याच्या तळाशी प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं.

आणि रक्त आलं की मुलं तिथे ब्रश लावायचंच सोडून देतात! बाळांनो, असं करू नका. डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. तो प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. रक्त येतं ते बहुतेक वेळा थरामुळे. म्हणून तिथेच घासायचं, मऊ ब्रशनं, हळुवार.

काहींना तारांऐवजी अलायनर, म्हणजे दातांवर बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे असतात. ते काढता येतात, त्यामुळे हिरड्या सहसा जास्त चांगल्या राहतात. पण दिवसाचे २० ते २२ तास ते तोंडात असतात. खिडकी न पुसताच काच लावून घेतली तर आतल्या धुळीला वारापाऊस लागत नाही. तशी अलायनरखालच्या दातांना लाळ पुरेशी मिळत नाही. म्हणून खाल्ल्यावर दात घासूनच अलायनर घाला. अलायनर घातलेला असताना गोड चहा तर नकोच. साखर आत अडकते आणि गरम चहानं अलायनर वाकडा होतो. तोही रोज गार पाण्यात, ब्रशनं धुवा.

वेळ संपत आली. फ्लॉसचं राहिलंच, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. पट्टीचं मात्र पुन्हा सांगते. ब्रश हिरडीकडे तिरका धरा, आधी तारेच्या वरून, मग खालून. तारेखाली शिरायला छोटा इंटरडेंटल ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. आज रात्री आरशासमोर ओठ वर करून ती पट्टी आईला दाखवा.