थायलंडला जाताय? दोन दिवस पाकचोंगसाठी ठेवा



आपल्यातली काही मंडळी हल्ली थायलंडची सहल करतात अन् बँकॉकचा बाजार बघून परततात. शेतकऱ्यानं तरी शनिवार-रविवार पाकचोंगकडे जावं. बँकॉकपासून ईशान्येला, साराबुरीवरून मित्रफाप महामार्गानं साधारण पावणेदोनशे किलोमीटर. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. स्वतः गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतूनच काढून न्या. नाहीतर चालकासह गाडी करा. तेल अन् चालकाचा मुक्काम भाड्यात धरलाय का, हे आधी विचारा.

पाकचोंगला कासेतसार्त विद्यापीठाचं मका-ज्वारी संशोधन केंद्र आहे. केवडा रोगाला दाद न देणारा 'सुवान-१' मका इथलाच, १९७५ सालचा. सीताफळाचा 'फेत पाकचोंग' हा संकरही याच भागातला. फळ मोठं, बिया थोड्या. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. शास्त्रज्ञांशी बोलायचं असेल तर आधी पत्र धाडा अन् शुक्रवारीच पोचा.

फळ चाखलं की कलम आणावंसं वाटणारच. पण परवाना अन् रोगमुक्ततेचा दाखला नसताना बी-कलम पिशवीत घालू नका. त्याबरोबर आलेला रोग शेजाऱ्याच्या बागेतही शिरेल.

रविवारी सकाळी जवळचं खाओ याई राष्ट्रीय उद्यान बघा. हत्ती आडवा आला तर भोंगा वाजवू नका, गाडी बंद करू नका, सावकाश मागं घ्या. दुपारी लवकर परत फिरा. संध्याकाळी बँकॉककडे गाड्यांची रीघ लागते.